म्हशीचा साबण

अंगावर चट्टा उठला की माणूस पहिलं काय करतो, तर बाही लांब करतो. मीही तेच केलं होतं. लोणावळ्याची थंडी माझ्या बाजूने होती, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

हे आठवायचं कारण, परवा कामशेतचे एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत सदरा, आणि चहाची बशी डाव्या हाताने धरलेली. मी म्हटलं, बाही वर करा पाहू. ते आधी रागावले, आणि मग त्यांनी बाही वर केली. पुढे दोन वेळा चहा झाला आणि माझी सगळी कथा सांगून झाली. जाताना म्हणाले, हे लिहून ठेवा, माझ्यासारखे आणखी असतील. मी मराठी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर बरं आहे, अक्कल बेताची. जमेल तसं लिहितो.

काळे हात

आता घाटात विजेची इंजिनं आली. माझ्या उमेदीच्या वर्षांत ती कोळशावर चालत आणि मी लोणावळ्याच्या शेडमध्ये त्यांची पुसापुशी करायच्या कामावर होतो. वंगण आणि काजळी कोपरापर्यंत चढायची. संध्याकाळी आम्ही सगळे हात घासलेटात बुडवायचो, मग धुण्याचा सोडा चोळायचो, आणि त्यानेही निघालं नाही तर विटेचा तुकडा होताच. भांडं घासावं तसे आम्ही स्वतःला घासत होतो.

मला तर दुप्पट घासावं लागे. घर वलवणला, आणि वलवणच्या तालमीचा मी पैलवान. काळ्या हाताने मातीला शिवायचं नाही, हा आमच्या वस्तादांचा दंडक. वस्तादांना सगळे आबा म्हणत. गळ्यात माळ, मिशा पांढऱ्या, आवाज असा की बाहेर रस्त्याने जाणारा माणूसही आपोआप छाती काढून चाले. वयामुळे ते स्वतः मातीत उतरत नसत. अंगात सदरा घालून कडेला बसत आणि तिथूनच आमची हाडं खिळखिळी करून घेत.

तालमीतली माती म्हणजे शेतातली माती नव्हे, हे ज्याने तालीम पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. तिच्यात गोडं तेल, ताक, हळद, लिंबाचा रस असं कालवतात. घरातल्या लेकराला भरवावं तसं तिला भरवतात. त्या एकाच मातीत सगळी तालीम लोळते, आणि कुस्तीच्या आधी जोडीदार मूठभर माती तुमच्या अंगाला लावतो, तुम्ही त्याच्या लावता. ती लावल्याशिवाय कुस्ती सुरू होत नाही.

पहिला चट्टा मनगटावर आला, मग बोटांच्या बेचक्यांत, मग कोपरांत आणि मानेवर. खाज अशी की खाजवताना स्वर्ग आणि खाजवून झाल्यावर नरक. मग चट्टे लसलसू लागले. मी कुणाला बोललो नाही. मातीने जात नाही असं दुखणं नाही, असं आबा नेहमी सांगत आणि ते आमच्या डोक्यात अगदी भिनलेलं. तेव्हा मी औषध म्हणून तालमीची मातीच त्या ओल्या चट्ट्यांवर थापू लागलो. आग आग व्हायची. मला वाटायचं, आग होते म्हणजे गुण येतोय.

सदऱ्यात सगळं लपतं, लंगोटात काय लपणार? म्हणून मी सगळ्यांच्या आधी तालमीत जाई आणि गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत माती फासून तयार राही. आबा इतरांना म्हणत, मातीची आवड असावी तर या पांडूसारखी. मी मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

एका संध्याकाळी दस्तगीरने माझं मनगट धरून झटका दिला. दस्तगीर माझा जोडीदार, लहानपणापासूनचा. त्याच्या मुठीत मातीची पोपडी आली आणि पोपडीबरोबर माझी कातडीही आली. पाणी आणि रक्त खाली ठिबकू लागलं. सगळी तालीम थांबली. मागून कुणीतरी हळूच महारोगाचं नाव घेतलं.

आबा कडेच्या जागेवरून उठले. चार पावलं आले आणि तिथेच थांबले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"पांडू," ते म्हणाले, "आजपास्नं मातीत उतरू नगं. बरा झाल्याबिगर न्हाई."

मी कपडे घेऊन घरी आलो. इतका मोठा गडी, पण रस्ताभर रडत आलो.

तांब्या

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. आईने माझी थाळी वेगळी काढली आणि अंथरूण पडवीत टाकलं. आई वाईट नव्हती. घरात थोरल्या भावाची लहान पोरं होती, तिने त्यांचा विचार केला. आज हे कळतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं, आईने मला जिवंतपणी पाणी सोडलं.

सोना म्हणजे माझी बायको. नाव लिहिलं म्हणून ती रागावेल, पण तिच्यावाचून ही हकिकत पुढे सरकत नाही. तेव्हा आमचं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. ती माजघरातून बाहेर आली, मी पाणी पिऊन खाली ठेवलेला तांब्या तिने उचलला आणि उरलेलं पाणी सगळ्यांच्या देखत पिऊन टाकलं. पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. दोघी माझ्यामार्फत बोलत. पडवीतून मी निरोप पोचवायचो, मीठ संपलंय म्हणावं, नि दळण आणायचंय म्हणावं. माझ्या दुखण्याचा घराला एवढा तरी उपयोग होता.

सुई

दस्तगीर मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत माझ्या शेजारी खेटून बसला. मी सरकलो की तो सरके, असं करत मी खिडकीला चिकटलो. शेवटी म्हणाला, आता पुढं सरकशील तर रुळावर पडशील.

बाकावर माझ्या आधी एक वयस्क माणूस होता, मुळशीकडचा. आत गेला, थोड्या वेळाने बाहेर आला. आत काय करतात ते मी विचारलं. म्हणाला, डोळे मिटायला लावून सुई टोचतात. दुखतं का, मी विचारलं.

"काय बी न्हाई," तो हसत म्हणाला. "कळलं बी न्हाई मला."

मला धीर आला. मग माझी पाळी. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि मनगटावरच्या चट्ट्यात सुई टोचली. मी असा ओरडलो की दस्तगीर दार ढकलून आत आला.

"ओरडा," डॉक्टर म्हणाले, "आणखी ओरडा. टोचलेलं कळतंय ना? मग तुमच्या मनात आहे तो रोग हा नव्हे. हा इसब आहे. चिवट असतो, पण जातो."

त्यांनी आणखी दोन-चार ठिकाणी टोचून खात्री करून घेतली. दर वेळी मी ओरडलो आणि दर वेळी आम्ही तिघंही हसलो. बाहेर आल्यावर मला तो मुळशीचा माणूस आठवला. तो सदऱ्याची गुंडी लावत, हसत निघून गेला होता. त्याला का कळलं नव्हतं, ते मला आता कळलं. त्याचं ते हसणं मी विसरू शकलो नाही. आजही कुणी महारोगाचं नाव शिवीसारखं घेतलं, की मी त्याला गप्प करतो.

लोणचं

डॉक्टरांनी मला काही आठवडे ठेवून घेतलं. सकाळी कोंड्याच्या पाण्याने अंघोळ, मग जस्ताचं पांढरं मलम, मग पट्ट्या. शिमग्याच्या सोंगालाही एवढा रंग लावत नाहीत. झोपेत खाजवू नये म्हणून नर्सबाई माझी नखं कापून हातांना कापडी पिशव्या बांधत. पिशव्या घालून झोपणारा पैलवान बघायला शेजारच्या वॉर्डातले लोक येत.

शेजारच्या खाटेवर पाय भाजलेला एक आचारी होता. दवाखान्यात आम्हाला तांदळाच्या कण्यांची पातळ कण्हेरी मिळे. ती पुढ्यात आली की तो डोळे मिटून मसालेभात करायला घेई. फोडणीपासून वरच्या खोबऱ्यापर्यंत सगळं तोंडाने. शेवटी "वाढा" म्हणे, आणि आम्ही कण्हेरी प्यायचो. त्याच्यामुळे माझं वजन उतरलं नाही, असं मी अजून मानतो.

एकदा डॉक्टर खाटेवर बसून माझा दिनक्रम विचारू लागले. मी घासलेट, सोडा, वीट सगळं सांगितलं, जरा ऐटीतच. मग माती सांगितली. तिच्यात काय काय असतं तेही सांगितलं.

"हळद, लिंबू, मीठ लागलेलं घामट अंग," डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतःचं लोणचं घालत होता."

घरी सोडताना त्यांनी बजावलं. घासलेट आणि सोडा कायमचा बंद. कातडी सगळीकडे धड होईपर्यंत माती बंद. हातावरचं वंगण काढायला आधी गोडं तेल चोळायचं, कोंड्याने पुसायचं आणि मग सौम्य साबण लावायचा. सोनाने करंजेलाचं, म्हणजे करंजाच्या तेलाचं, विचारायला सांगितलं होतं. ते म्हणाले, ओल गेल्यावर लावा, हरकत नाही, फक्त लावून काय होतं ते मला येऊन दाखवा.

ओली वडी

सौम्य साबण म्हणजे विलायती, असं शेडमधल्या सगळ्यांचं मत पडलं. सोना म्हणाली, घरात विलायती वडी येणार नाही. वलवणला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या बायकांना सूत काढायला आणि साबण करायला शिकवत. सोना त्यांच्या ओसरीवर जाऊन बसू लागली.

तिचं माहेर बेडशाच्या लेण्यांखाली, पवनेच्या काठाला. तिथे करंजाची झाडं पुष्कळ. तिच्या भावांनी शेंगा गोळा केल्या, फोडल्या, घाण्यावर तेल काढून आणलं. करंजेल रंगाने गडद, चवीला कडूजहर, आणि वास असा की नको असलेला पाहुणा दारातूनच परत जाईल. निम्मं करंजेल, निम्मं खोबरेल. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी बेताबेताने सोडायचं आणि लाकडी काठीने एका अंगाने ढवळत राहायचं. पिठल्याइतकं दाट झालं की खोक्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी तारेने वड्या पाडायच्या.

बाईंनी सांगितलं होतं, वडी महिना-दीड महिना वाळू दे, जिभेला चावायची थांबली की वापर. सोनाने सगळं ऐकलं, एवढंच सोडून दिलं. तिला माझे हात बघवत नव्हते. तिने तिसऱ्याच दिवशी वडी माझ्या हातात ठेवली. नुकत्या धरलेल्या कोवळ्या कातडीला कॉस्टिक लागलं आणि मी अंगणात नाचलो. हात पुन्हा लाल, पुन्हा पाणी.

सोना चुलीशी तोंड फिरवून रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "सुई टोचली तवा वरडलो, तर डॉक्टर खूश झालं हुतं. तू बी हो की." ती रडता रडता हसली. पण पुन्हा मलम, पुन्हा पट्ट्या आणि पुन्हा पडवी. चैत्रातल्या जत्रेच्या कुस्त्या मी लांबच्या बांधावरून पाहिल्या. दस्तगीरने फेटा जिंकला आणि तो माझ्याकडे बघून हलवला. मला हात वर करावासा वाटेना.

बोंबील

दुसरा घाणा तिने रोहिणी नक्षत्रात केला, आणि मग पाऊस लागला. लोणावळ्याच्या पावसात अंगावरचं धोतर वाळत नाही, तिथे साबण कुठला वाळणार? वड्यांना घाम सुटू लागला. घरात कोरडी जागा एकच, चुलीवर टांगलेली बांबूची ताटी. पण तिथे आईचे सुके बोंबील, मिरच्या आणि भोपळ्याचं बी. त्या ताटीवर आईचं राज्य होतं. सोना वड्यांचं सूप घेऊन चुलीपुढे नुसती उभी राहिली. मागायचं कसं, बोलणं तर बंद.

आईने तिच्याकडे पाहिलं, उठली, बोंबील एका बाजूला सारले आणि जागा केली.

"ठिव हितं," म्हणाली. "पर धूर लय लागंल."

त्या घरात कितीतरी दिवसांनी निरोप्यावाचून बोलणं झालं. माझी नोकरी गेली, पण मी तक्रार केली नाही.

पुढे आईनेच त्या साबणाचा ताबा घेतला. आठ-पंधरा दिवसांनी वडी काढायची, जिभेचं टोक लावायचं, तोंड वाकडं करायचं आणि सांगायचं, अजून चावतंय. शेजारणी विचारत, म्हातारी साबण का चाटते? शेवटी आषाढाच्या तोंडावर तिने वडी चाटली, थोडा विचार केला, पुन्हा चाटली आणि म्हणाली, "न्हाई चावत." त्या रात्री माझी थाळी सगळ्यांच्या थाळ्यांबरोबर मांडली गेली. मी जरा जास्तच जेवलो.

साबण उत्तम झाला होता. हाताला मऊ, फेस बेताचा. फक्त धूर आणि बोंबील त्यात असा मुरला होता की अंघोळ करून शेडमध्ये गेलो की लोक विचारत, आज काय, बोंबील भाजले? मांजरं माझ्या मागे येत.

साबणाने मी बरा झालो, असा माझा दावा नाही. डॉक्टरांच्या मलमाने झालो आणि घासलेट सुटलं म्हणून झालो. पण घासलेट सुटलं ते या तेलामुळे आणि साबणामुळे. तुम्ही करणार असाल तर दुसरं काही विसरा, पण वडी चाटल्याशिवाय अंगाला लावू नका, आणि चट्टा डॉक्टरला दाखवल्याशिवाय वडीही लावू नका.

म्हस

हात स्वच्छ झाले. मान, कोपर सगळं धड झालं. गाव मात्र जवळ न येता लांबूनच खुणेने बोलायचं. तालमीवरून जाताना आतून शड्डूचा आवाज आला की माझ्या दंडांना आपोआप ओढ लागे. दस्तगीर म्हणाला, चल, धरणाकडच्या गवतावर कुस्ती धरू. मी नको म्हटलं. मातीतून बाहेर काढलेला माणूस गवतावर खेळला, तर तो कायमचा गवतावरचाच झाला. आबांनी बोलावल्याशिवाय मला आत जायचं नव्हतं, आणि आबा माझ्याकडे बघत नव्हते.

मग एके दिवशी भर दुपारी, पाऊस कोसळत असताना, आबाच आमच्या पडवीत आले. डोक्यावर घोंगडं. बसले, पावसाबद्दल बोलले, भाताच्या लावणीबद्दल बोलले. मग सोनाला म्हणाले, तुझ्याकडे साबण असतो म्हणे. आमच्या म्हशीला खाजतंय, एखादी वडी दे.

सोनाने वडी आणली. पण दिली नाही.

"आबा, म्हशीला कुटं खाजतंय?"

"पाठीला. कंबरंपास्नं वर."

"किती दिस झालं?"

आबा पावसाकडे बघत राहिले. "लय वरसं झाली, पोरी."

"म्हशीचा हात पाठीवर पोचत न्हाई," सोना शांतपणे म्हणाली. "आदी त्याल चोळाया लागतं. कुनीतरी चोळून दिलं पायजे."

ती आत गेली आणि करंजेलाची वाटी माझ्यापुढे ठेवून पुन्हा चुलीशी जाऊन बसली. आबांनी घोंगडं बाजूला टाकलं आणि सदरा काढला. इतकी वर्षं आम्ही तो सदरा म्हणजे वस्तादांचा मान समजत होतो. पाठीवर कंबरेपासून खांद्यापर्यंत जुना, जाड, भेगाळलेला चट्टा होता, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. वयामुळे ते मातीत उतरत नाहीत, असं सगळी तालीम समजत होती.

मी तेल घेतलं, पण हात पुढे होईना. इतके महिने मी कुणाला शिवलो नव्हतो. घरच्यांना आणि दस्तगीरला सोडून गावातलं कुणी मला शिवलं नव्हतं.

"तुला भाईर काडला," आबा पाठमोरे म्हणाले, "त्या दिशी मीच भाईर पडाया पायजे हुतं. धीर झाला न्हाई, पांडू."

मी दोन्ही हात त्यांच्या पाठीवर ठेवले. मी कंबरेपासून वर तेल चोळू लागलो. थोड्या वेळाने नेहमीचा आवाज आला.

"चोळतुयास का कुरवाळतुयास? जोर लाव की."

जाताना सोनाने बजावलं, म्हशीला पुण्याच्या डॉक्टरला दाखवून आणा, आमचं माणूस संगती येईल. आबा मिशीत हसले आणि गेलेही. डॉक्टरांनी त्यांनाही सुई टोचली. ओरडतील तर ते वस्ताद कसले, त्यांनी नुसत्या भिवया चढवल्या. डॉक्टरांनी त्यावर भागवून घेतलं.

त्या वर्षी नागपंचमीला तालमीत माती नवी खणली होती. मी नमस्कार करून बाहेर उभा होतो. आबा आले, त्यांनी सगळ्यांच्या देखत सदरा काढून खुंटीला लावला आणि मातीत उतरले. पाठीवर डाग होते, पण कोरडे. त्यांनी नुसती मान हलवून मला आत बोलावलं. मी उतरलो. मागून कुणाचा तरी दबका आवाज आला, "आबा माळकरी, आनि आबाच्या अंगाला बोंबलाचा वास कसा?"

आबा वळलेसुद्धा नाहीत. "साबन म्हशीचा हाय," म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी मूठभर माती घेतली आणि माझ्या मनगटाला लावली.